कोयता बंदवरच्या माहितीपटात कोणाला किती आणि कसे स्थान द्यावे

ऊसतोड कामगारांचा संप चित्रित करणे हे गिरणीच्या किंवा एसटीच्या संपाच्या चित्रीकरणापेक्षा अवघड काम आहे, कारण या संपाला फाटक नसते. कामगार कामावरून उठून बाहेर येत नाहीत. ते मुळात गावातून निघतच नाहीत. बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतील वाड्यांवरून आणि तांड्यांवरून दसऱ्यानंतर कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूरकडे आणि पलीकडे बेळगावकडे निघणारे ट्रक-ट्रॅक्टर भरू द्यायचे नाहीत, भरलेले असतील तर वाटेत अडवायचे, आणि कारखान्यांनी गव्हाणीत मोळी टाकून हंगामाचा शुभारंभ केला तरी पुढे ऊस पोहोचू द्यायचा नाही, एवढेच ‘कोयता बंद’चे दृश्य रूप असते. त्यामुळे कॅमेरा घेऊन आलेल्या माणसाच्या हाती सहज लागतात ती तीन ठिकाणे: मेळाव्याचे व्यासपीठ, रस्त्यात अडवलेला ट्रक, आणि पुण्याच्या साखर संकुलातील बैठकीनंतर पत्रकारांशी बोलणारे नेते. तिन्ही ठिकाणी बोलतात ते बहुतेक पुरुष, तेही बोलायला सरावलेले. ज्यांच्या मजुरीचा दर त्या बैठकीत ठरत असतो त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्या स्त्रिया आहेत, ही गोष्ट अशा चित्रीकरणातून प्रेक्षकाला कळण्याचा संभव नाही.

हे मार्गदर्शन मराठवाड्यात राहून असा माहितीपट करू पाहणाऱ्यांसाठी आहे, मग ते पत्रकारितेचे विद्यार्थी असोत, चळवळीतले कार्यकर्ते असोत किंवा स्वतःच्या खर्चाने काम करणारे चित्रपटकार असोत. वैविध्य म्हणजे पडद्यावर वेगवेगळे चेहरे आणणे असे समजून केलेले चित्रपट पाहायला बरे वाटतात, पण संपाविषयी फारसे सांगत नाहीत. येथे सुचवलेली पद्धत वेगळी आहे. या धंद्याचा हिशेब कसा मांडला जातो ते आधी शिकावे, त्या हिशेबात कोण अर्धे मोजले जाते आणि कोण मोजलेच जात नाही ते शोधावे, आणि चित्रीकरणाचा आराखडा त्यावरून काढावा.

आधी हिशेब समजून घ्यावा

तोडणीच्या धंद्यात मजूर मोजण्याचे एकक माणूस नाही, कोयता आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. एकटा पुरुष किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, कोयत्यावर दिली जाते, टोळी किती कोयत्यांची आहे यावरून मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराची, पत ठरते, आणि मजुरीही त्या जोडप्याने तोडलेल्या टनांवर लागते. सही किंवा अंगठा बहुधा नवऱ्याचा असतो. म्हणजे पहाटेपासून फडात ऊस तोडणारी, मोळ्या बांधणारी आणि त्या डोक्यावरून वाहून ट्रकवर चढवणारी बाई हिशेबाच्या कागदावर स्वतंत्रपणे अस्तित्वातच नसते. संपात जी दरवाढ मागितली जाते ती या एककाची दरवाढ असते, हे ज्याला ठाऊक नाही त्याला संपाचे चित्रीकरण करता येईल, पण त्याचा अर्थ लावता येणार नाही.

दर माहीत असावेत. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या तडजोडीत तोडणीच्या मजुरीत १४ टक्के वाढ झाली. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली, आणि टनामागचा मूळ दर सुमारे २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ रुपयांवर गेला. त्याच वेळी मुकादमांचे कमिशन एका टक्क्याने वाढून २० टक्के झाले. एक जोडपे दिवसभरात साधारण दीड ते दोन टन ऊस तोडते असे धरले, तर या दराने दोघांच्या दिवसभराच्या कष्टाचे साधारण साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये होतात, आणि त्यातूनच हंगामाआधी घेतलेली उचल फेडायची असते. ही उचल आजकाल पन्नास हजारांपासून लाखाच्या वर जाते. हंगाम लवकर आटोपला, पाऊस झाला, घरातले कोणी आजारी पडले, तर पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, उचल फिटत नाही. बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावे लागते. कामाचे प्रकारही एकसारखे नाहीत. गाडी सेंटरवर बैलगाडीने ऊस वाहणारी कुटुंबे बहुधा कारखान्याच्या जवळच्या अड्ड्यावर राहतात, टायरगाडीवाल्यांचे गणित निराळे असते, आणि डोकी सेंटरवरच्या टोळ्या ऊस डोक्यावरून वाहून ट्रक किंवा ट्रॅक्टरमध्ये भरतात व फडामागून फड फिरतात. डोकी सेंटरच्या बाईला गाडी मध्यरात्री आली तरी भरायला उठावे लागते. एकाच प्रकारच्या सेंटरवरच्या लोकांना घेऊन ‘ऊसतोड कामगार’ म्हणून दाखवणे चूक ठरेल, मग जातीजमातींची कितीही मिसळ त्यात असो.

कोणाकोणाकडे जायचे, याची यादी

बीडच्या ऊसतोड कामगारांविषयी बाहेर एक ठरीव चित्र आहे. त्यात सगळे कामगार एकाच समाजाचे आणि एकाच नेतृत्वामागचे असतात. वस्तुस्थिती अशी की वंजारी समाज मोठ्या संख्येने आहेच, पण त्यासोबत बंजारा, मातंग, बौद्ध, धनगर, मराठा, मुस्लिम, पारधी अशी कुटुंबेही तोडणीला जातात. जमीन, शिक्षण आणि गावातले वजन या तिन्हींत त्यांच्यात मोठे अंतर असते. चार एकर कोरडवाहू जमीन असलेले कुटुंब संपात पंधरा दिवस घरी बसले तर त्याला कापूस वेचणीचा किंवा ज्वारीच्या पेरणीचा आधार असतो. ज्याच्याकडे गुंठाभरही जमीन नाही त्याच्या घरी उचलीतून भरलेला किराणा आठवड्यात संपतो. संप दोघांचा एकच, पण त्याची किंमत दोघांना वेगवेगळी पडते. माझ्या मते माणसांची निवड करताना सगळ्यात आधी हा निकष लावावा: संप लांबला तर पहिल्यांदा उपाशी कोण राहील? त्या घरापासून सुरुवात केली की जातीचे वैविध्य बहुतांशी आपोआप येते, आणि ते चिकटवलेले वाटत नाही.

जात कॅमेऱ्यासमोर विचारू नये. विचारली तर माणूस एकतर सावध होतो किंवा भाषण करतो. ती दिसते ती जागेत: टोळी कोणत्या वस्तीतून उचलली गेली, एकाच ट्रकमध्ये कोणाचे सामान पुढे आणि कोणाचे मागे चढले, फडाजवळ कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) उभ्या राहिल्या तेव्हा कोणाची कोपी पाण्यापासून लांब पडली, हंडा भरायला कोण थांबून राहते. टोळ्या पुष्कळदा नात्यागोत्याच्या आणि जातीच्या धाग्यानेच बांधल्या जातात, त्यामुळे दोन वेगळ्या वस्त्यांतल्या दोन टोळ्यांसोबत राहिले तरी गावाची रचना समजते. निवेदनातून ती समजावून सांगण्याची गरज पडू नये.

भाषेचेही तसेच. तांड्यावरची बाई घरात गोरमाटी ही बंजारा बोली बोलते आणि पाहुण्यांशी मराठी. तिला मराठीत बोलायला लावले की वाक्ये छोटी होतात आणि उत्तरे ‘हो’-‘नाही’वर येतात, तीच बाई नणंदेशी गोरमाटीत बोलू लागली की उचलीचा सगळा इतिहास सांगते. तेव्हा गोरमाटी समजणारी व्यक्ती चमूत असावी आणि मुलाखत त्या भाषेत व्हावी. मुस्लिम वस्तीतल्या दखनीलाही हाच न्याय लावावा. उपशीर्षके द्यायची असतील तर ती सर्वांना द्यावीत. बालाघाटच्या डोंगरातल्या माणसाच्या मराठीखाली उपशीर्षक आणि पुण्यातल्या अधिकाऱ्याच्या मराठीखाली काहीच नाही, अशी मांडणी केली की कोणाची मराठी प्रमाण हे आपण न बोलता ठरवून टाकलेले असते.

एकल स्त्रिया या यादीतून हमखास सुटतात. विधवा, टाकलेली किंवा नवरा आजारी असलेली बाई अर्धा कोयता असल्यामुळे तिला टोळीत घ्यायला मुकादम कां-कू करतात. मग ती भावासोबत, दिरासोबत किंवा दुसऱ्या एखाद्या बाईसोबत जोडी लावून जाते. संपाच्या मागण्यांत जोडप्याचा दर असतो, हिच्या प्रवेशाचा प्रश्न नसतो. तिच्याशी बोलल्याशिवाय कोयता हे एकक काय करते ते प्रेक्षकाला उमगणार नाही. मागे राहिलेली म्हातारी माणसेही यादीत असावीत. एरवी हंगामात गावात तीच उरतात, आणि संपाच्या काळात घर माणसांनी भरलेले असल्याने त्यांच्या वागण्यातला फरक टिपता येतो.

बायकांच्या मुलाखती

ऊसतोड कामगार बाईची मुलाखत बिघडते ती बहुधा तीन कारणांनी: वेळ चुकते, शेजारी कोणीतरी बसलेले असते, आणि प्रश्न चुकतो.

संपाच्या दिवसांत पुरुष पारावर किंवा मेळाव्याला असतात, पण बाईचे काम थांबलेले नसते. उलट घरात माणसे जास्त असल्याने वाढलेले असते. सकाळी अकरा वाजता कॅमेरा लावून बसलात तर ती डोळ्याने चुलीकडे पाहत उत्तरे देईल. तिच्यासोबत कामाच्या वेळी थांबावे, सरपणाला किंवा पाण्याला जाताना बरोबर चालावे, आणि ध्वनिमुद्रण आधी करून चित्रण मागाहून करावे. चमूत स्त्री असणे आवश्यक आहे, आणि ती प्रश्न विचारणारी असावी. केवळ माइक लावण्यापुरती बरोबर नेलेली नव्हे.

नवरा, सासरा किंवा मुकादम जवळ बसला की उत्तर तो देतो. त्याला उठवण्याचा प्रयत्न केला तर संशय येतो. यावर साधा उपाय असा, की चमूतील दुसऱ्या माणसाने त्याच वेळी त्याची मुलाखत दुसऱ्या जागी घ्यावी. त्याला मान मिळतो आणि तिला मोकळीक मिळते. दोन्ही मुलाखतींत एकच प्रश्न विचारावेत. ‘यंदा उचल किती घेतली, ती कोणाच्या हातात दिली आणि कशावर गेली’ या प्रश्नाची दोन उत्तरे शेजारी शेजारी ठेवली तर त्यांतला फरक निवेदनाच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतो.

‘तुम्हाला काय त्रास आहे’ असा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर तिने आधीच्या चार पत्रकारांना दिलेले असते. तिला दर विचारावा, तोडीचा हिशेब विचारावा, वजनकाट्यावर विश्वास आहे का ते विचारावे, संपात कोणती मागणी तिने घातली असती ते विचारावे. आपल्याकडच्या श्रमविषयक माहितीपटांत एक वाईट सवय रुजलेली आहे: पुरुष परिस्थितीचे विश्लेषण करतात आणि बाया दुःख सांगतात. बाई रडली की ते दृश्य संकलनात टिकते, आणि तिने मांडलेले आकडे मात्र ‘लांबले’ म्हणून कापले जातात. समान वेळ देऊनही प्रतिनिधित्व विषम राहते ते यामुळे. टनाचा दर, कमिशन आणि खाडा (कामावर न गेल्याबद्दलची कपात) या गोष्टी प्रेक्षकाला समजावून सांगण्याचे काम निदान एका बाईकडे असावे. ती ते नेत्यापेक्षा नेमके करते, कारण खाड्याचे पैसे तिच्याच अंगावर बसलेले असतात.

गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय निघणारच. २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीत कामावर न जाता येणे, त्याचा खाडा, फडात पाणी व शौचालय नसणे, लहान वयात झालेली बाळंतपणे आणि खासगी दवाखान्यांचा सल्ला या सगळ्यांचा तो गुंता आहे. मात्र संपावरच्या चित्रपटात हा विषय आणायचा असेल तर तो संपाशी जोडून आणावा: मागण्यांच्या निवेदनात प्रसूतीची भरपगारी सुट्टी, पाळीच्या दिवसांचा खाडा, फडावरचे शौचालय यांपैकी काय होते, काय कितव्या क्रमांकावर होते आणि तडजोडीच्या वेळी काय सोडून दिले गेले, हे कागद समोर ठेवून विचारावे. त्याविना शस्त्रक्रिया झालेल्या बाईला कॅमेऱ्यासमोर बसवणे म्हणजे तिच्या शरीराची माहिती वापरून घेणे होय. दवाखान्याची फाइल दाखवायची असेल तर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक झाकणे ही किमान गोष्ट आहे, आणि फाइल दाखवण्याची सूचना आपण करू नये.

मुकादम, नेते आणि संप मोडणारे

मुकादमाविषयी बहुतेक माहितीपट गोंधळतात. कधी तो खलनायक होतो, कधी कामगारांचा प्रवक्ता. तो दोन्ही नाही. त्याचे कमिशन हाही तडजोडीतला एक मुद्दा असतो, त्यामुळे संपात तो पुढे असतो. त्याच्याकडे गाडी आहे, फोन आहे, नेत्यांशी ओळख आहे, आणि तुम्हाला गावात आणणारा पहिला माणूसही बहुधा तोच असतो. दुसरीकडे त्यानेही कारखान्याशी किंवा वाहतूकदाराशी करार करून पैसे उचललेले असतात, आणि एखादी टोळी उचल घेऊन आलीच नाही तर ते त्याच्या गळ्याशी येते. पैशासाठी मजुरांना डांबून ठेवल्याच्या तक्रारी पोलीस ठाण्यांत होतात, तशा मुकादमांना फसवल्याच्याही होतात. म्हणून त्याला स्वतंत्र पक्ष म्हणून घ्यावे, त्याची मुलाखत त्याच्या घरी घ्यावी, आणि पडद्यावर त्याच्या नावाखाली ‘मुकादम’ असे स्पष्ट लिहावे. ‘ऊसतोड कामगार नेते’ असे मोघम लिहू नये. त्याने दाखवलेल्या घरांव्यतिरिक्त निदान तेवढीच घरे स्वतः शोधावीत. शाळेतले शिक्षक, आशा कार्यकर्ती आणि किराणा दुकानदार ही त्यासाठी चांगली वाट आहे. दुकानदाराच्या उधारीच्या वहीवरून कोणाच्या घरात संप किती दिवस टिकेल ते त्याला आमच्या-तुमच्यापेक्षा आधी कळते.

नेतृत्वाचा इतिहास टाळता येत नाही. गोपीनाथ मुंडे यांनी अनेक वर्षे ऊसतोड कामगारांच्या बाजूने वाटाघाटी केल्या, शरद पवार यांच्यासोबत लवाद म्हणून दर ठरवले, आणि २०१४ मध्ये त्यांच्या निधनानंतर ती भूमिका पंकजा मुंडे यांच्याकडे आली. सिटू या डाव्या कामगार महासंघाशी संलग्न आणि इतर संघटनाही या प्रश्नावर लढत आलेल्या आहेत, मेळाव्यांच्या बातम्यांत त्यांना जागा कमी मिळते इतकेच. हा इतिहास दाखवताना अभिलेखातील भाषणांचे तुकडे वापरण्याचा मोह होतो, कारण ती भाषणे दमदार आहेत. माझा सल्ला असा की नेत्याचे भाषण पडद्यावर असताना ते ऐकणाऱ्यांपैकी कोणी नंतर त्याविषयी बोलेल, अशी रचना करावी. श्रद्धा आणि हिशेब या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असतात. दसरा मेळाव्याला भक्तिभावाने जाणारा गाडीवान घरी आल्यावर दरवाढ कमीच पडली असेही म्हणतो. त्याचे दोन्ही बोलणे यावे. एकच ठेवले तर चित्रपट एका गटाच्या प्रचाराला तरी लागतो किंवा दुसऱ्या गटाच्या कुचेष्टेला तरी.

जे संप मोडून गेले त्यांच्याकडे जाणे हे या कामातले सर्वांत अवघड आणि सर्वांत आवश्यक पाऊल आहे. रात्रीच्या वेळी, मुख्य रस्ता टाळून, एखादी टोळी निघून जाते. त्यांना फितूर म्हणणे सोपे असते. मुलीच्या लग्नाला घेतलेली उचल, दवाखान्याचे बिल, मुकादमाचा तगादा अशी कारणे ऐकल्यावर संपाची ताकद आणि त्याची मर्यादा दोन्ही दिसतात. अशा कुटुंबांचे चित्रण संप चालू असताना करू नये; गावात त्यांची जागा धोक्यात येते. संप मिटल्यावर फडावर जाऊन करावे. अन्य राज्यांतून आणलेल्या टोळ्या आणि हार्वेस्टर यंत्र चालवणारा मुलगा यांच्याशीही तेव्हाच बोलता येईल.

शेतकरी आणि कारखान्याचा शेती अधिकारी यांची बाजू जरूर असावी, पण ‘समतोल’ या नावाखाली त्यांना समान मिनिटे देण्याचे कारण नाही. बारा महिने उलटून गेलेला ऊस शेतात उभा असलेल्या अल्पभूधारकाची चिंता खरी आहे. माजलगावच्या धरणाखाली किंवा मांजरा खोऱ्यात असा शेतकरी मराठवाड्यातच भेटतो, त्यासाठी कोल्हापूरला जावे लागत नाही, आणि त्याच परिसरातून दुसरी माणसे तोडणीला बाहेर जातात. हा विरोधाभास एका दिवसाच्या अंतरावर चित्रित करता येतो.

संमती, धोका आणि मुले

छापील संमतीपत्रावर अंगठा घेतला म्हणजे काम झाले असे मानू नये. ज्या माणसाने आयुष्यभर न वाचलेल्या नोटरीच्या कागदांवर अंगठे दिले आहेत त्याच्यासमोर आणखी एक कागद ठेवणे शोभणारे नाही. संमती तोंडी, त्याच्या भाषेत, कॅमेऱ्यावर घ्यावी. त्यात तीन गोष्टी सांगाव्यात: हे कोठे दाखवले जाईल, मोबाइलवर ते कायमचे फिरू शकते, आणि नंतर नको वाटले तर कोणत्या तारखेपर्यंत काढून टाकता येईल. धोका मोजताना आजचा विचार पुरत नाही. मुकादमाविरुद्ध किंवा काटामारीविरुद्ध (वजनातल्या फसवणुकीविरुद्ध) बोललेल्या माणसाला आज काही होणार नाही, पण पुढच्या दसऱ्याला उचल मिळणार नाही. म्हणून ज्याच्याकडे दुसरा आधार नाही त्याची तक्रार चेहऱ्याविना, अनेकांच्या एकत्रित कथनातून मांडावी. चेहरा पुसट करून भागत नाही, कारण दोनशे उंबऱ्यांच्या गावात आवाज, अंगण आणि बैलांची जोडी पाहून माणूस ओळखला जातो.

मुलांच्या बाबतीत भावनेपेक्षा कायदा आधी पाहावा. कोयता हातात घेतलेले मूल ओळखू येईल असे दाखवू नये. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार चौकशीत किंवा न्यायालयीन प्रक्रियेत असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे, आणि तशी प्रक्रिया नसतानाही ते चित्र त्या मुलाला मोठेपणी चिकटून राहते. बालविवाहाचा प्रश्न याहून बिकट आहे. लग्न झाले की कोयता पूर्ण होतो आणि उचल मिळते, हे लहान वयातल्या लग्नांमागचे एक कारण आहे, त्यामुळे टोळीत अठरा वर्षांखालची विवाहित मुलगी भेटण्याची शक्यता असते. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती असलेल्या व्यक्तीवर ती कळवण्याची जबाबदारी येते. चित्रीकरणाला जाण्याआधीच वकिलाशी आणि बालकल्याण क्षेत्रात काम करणाऱ्यांशी बोलून, अशी मुलगी भेटली तर काय करायचे हे ठरवून ठेवावे. तिची मुलाखत आधी घेऊन विचार मागाहून करणे अक्षम्य आहे. मुलांचे दुसरे चित्रही आहे, ते घ्यावे: संपामुळे दिवाळीनंतरही वर्गात राहिलेली मुले, आजीजवळ राहणारी मुले, संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहांत राहून शिकणारी मुले.

मुलाखतीचे पैसे द्यावेत का, यावर मतभेद आहेत. उत्तर विकत घेतल्यासारखे होऊ नये हे मान्य, पण हंगामात फडावर अर्धा दिवस मुलाखत घेतली तर त्या कोयत्याचे टन कमी भरतात, आणि तो तोटा त्या घराने का सोसावा? बुडालेल्या मजुरीची भरपाई दराप्रमाणे हिशेब करून, सर्वांना सारखी आणि टोळीसमोर द्यावी.

चमू, संकलन आणि दाखवणे

तोडणीला जाणाऱ्या घरांतून शिकून बाहेर पडलेली मुले-मुली आता मराठवाड्यात बरीच आहेत. विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागातून, तालुक्याच्या महाविद्यालयांतून ती सापडतात. त्यांना दुभाषे, वाटाडे किंवा ‘स्थानिक सहायक’ म्हणून घेऊन थांबू नये. कोणाकडे जायचे आणि संकलनात काय ठेवायचे या दोन निर्णयांत त्यांचे मत बंधनकारक असावे, आणि श्रेयनामावलीत त्यांचे पद त्या कामाला साजेसे असावे. मात्र आपल्याच भावकीच्या टोळीत त्यांना एकट्याने प्रश्न विचारायला पाठवू नये, कारण नाते आड येते.

पहिला कच्चा साचा तयार झाला की एक तक्ता करावा. प्रत्येक बोलणाऱ्यापुढे किती सेकंद मिळाले, पडद्यावर नाव आले का, तो स्वतःच्या घरात दिसतो की गर्दीत, आणि तो सोसलेले सांगतो की समजावून सांगतो, हे लिहावे. सेकंदांचा रकाना सर्वजण पाहतात. शेवटचा रकाना पाहणारे थोडे. नावाच्या रकान्यात हमखास एक गोष्ट आढळते: पुरुषांची पूर्ण नावे असतात आणि स्त्रिया ‘ऊसतोड महिला’ असतात. जिची ओळख लपवायची आहे तिचे सोडून बाकीच्यांचे नाव तिने सांगितले तसे द्यावे. माहेरचे सांगितले तर माहेरचे.

ड्रोनची दृश्ये जपून वापरावीत. उसाच्या हिरव्या रानावरून उडणारा कॅमेरा माणसांना ठिपके करतो, आणि संपाच्या चित्रपटात त्याचा उपयोग फार थोडा आहे. पार्श्वसंगीताचेही तेच, लमाणी गीत दुःखाच्या प्रसंगाखाली भरायला म्हणून घेतले, तर गाणाऱ्या बायका ते पाहताना हसतील, कारण ते बहुधा होळीचे किंवा लग्नाचे असते. गाणे घ्यायचे तर त्याचा प्रसंग आणि गाणारीचे नाव दोन्ही घ्यावे.

पहिला खेळ गावात करावा, आणि त्यासाठी वेळ निवडावी ती उचल वाटपाच्या आधीची, म्हणजे साधारण पावसाळ्याच्या मध्याची. उचल घेतल्यानंतर माणूस मोकळेपणी आक्षेप घेत नाही. बायकांसाठी वेगळा खेळ ठेवावा, दुपारी, अंगणवाडीत किंवा समाजमंदिरात. पारावरच्या रात्रीच्या खेळाला त्या मागे उभ्या राहतात आणि काही बोलत नाहीत. तेथे आलेले आक्षेप लिहून घ्यावेत आणि त्यांतले कोणते स्वीकारले, कोणते नाही आणि का, हे पुन्हा जाऊन सांगावे. सार्वजनिक प्रदर्शनासाठी सिनेमॅटोग्राफ अधिनियम, १९५२ खालचे प्रमाणपत्र लागते, म्हणून गावातले बदल त्या अर्जाच्या आधी करून घ्यावेत. प्रमाणपत्र मिळाल्यावर केलेला बदल पुन्हा चित्रपट प्रमाणन मंडळाकडे न्यावा लागतो.

अंतिम प्रत पेन ड्राइव्हवर देऊन उपयोग नाही, कारण घरोघरी संगणक नाहीत. मोबाइलवर पाठवता येईल अशा लहान आकाराच्या तुकड्यांत चित्रपट करून द्यावा, गोरमाटी आणि मराठी अशा दोन्ही उपशीर्षकांसह, आणि तो टोळीतल्या बायकांच्या फोनवरही पोहोचला की नाही ते हंगामात फडावर जाऊन पाहावे.